मिठाचं दार

२२ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

पार्सल काल दुपारी हाती आलं. आत काय काय निघालं ते लिहिते, म्हणजे वाटेत काही गळालं असेल तर तुला कळेल. पाचक भुकटीचे डबे दोन. छातीच्या औषधाच्या बाटल्या तीन. पैकी एकीचं झाकण सैल होतं, चार बोटं औषध भोवती गुंडाळलेल्या मुंगीच्या जुन्या झबल्याने पिऊन टाकलं. लोकरीचे मोजे एक जोड. तुझं पत्र. टपालहशील पार्सलावर वाचलं आणि डोळे पांढरे झाले. पुढच्या खेपेला दोन महिन्यांचं एकदम पाठवावं. डबा तोच, दोरी तीच, वाटखर्च निम्मा.

तुझी मुंगी ठीक आहे. खाते, पण अंगी लागत नाही. जेवणाआधी भुकटी मधातून देते, ती तोंड वाकडं करते पण गिळते. सकाळ-संध्याकाळ तिला मांडीवर पालथी घालून, डोकं खाली ठेवून, तळव्याची वाटी करून पाठ थोपटते, तू दाखवलंस तशी. नुसतं थोपटायला गेलं की हात भरकटतो, म्हणून देवाचं नाव घेत थोपटते. ठेका चुकत नाही आणि जपही होतो. कफ सुटतो, पण डिंकासारखा. हे म्हणतात, "मुंगी मुंगी म्हणून पोरगी मुंगीएवढीच राहिली, आता हत्ती म्हणून हाक मारून बघू." पोरगी हसते आणि हसता हसता खोकते.

आता मुद्द्याचं. तुमच्या खोलीमागच्या रंगाच्या कारखान्याचा धूर तिच्या छातीला सोसत नाही, म्हणून जूनपर्यंत ती माझ्याकडे राहणार हे ठरलं, आणि माझी काही तक्रार नाही. पण दुखणं काय आहे ते मला कोणी धड सांगत नाही. तुझा नवरा विचारलं की म्हणतो, "आई, तुला नाही कळायचं." मी मॅट्रिक आहे, आणि हे घर इतकी वर्षं माझ्या वहीवर चाललंय. ज्याच्याशी रोज उठून झुंजायचं, त्याचं तोंड तरी मला पाहू दे. तू कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोरांना सूक्ष्मदर्शकातून दाखवतेस ना, तसं मला पत्रातून दाखव.

आणखी एक. तिच्या कपाळाची पापी घेतली की ओठाला मीठ लागतं. मुंगीच्या आधीच्या आपल्या थोरल्याचंही लागायचं, तो आठ महिन्यांचा उन्हाळ्यात गेला तोवर. तेव्हा मला वाटायचं, सूनबाईची अंघोळ घालायची घाई. आता मुंगीला मी स्वतः चोळून न्हाऊ घालते, तरी खारटच. हे काय?

तुझी,
आई


३ मार्च

ती. सौ. आईंना शि. सा. नमस्कार.

थोरल्याला मी दोनदा अंघोळ घालत होते, आई. असो. तुम्ही विचारलंत याचं बरं वाटलं. इथे कोणी विचारत नाही, "औषध चालू आहे ना?" एवढंच.

आपलं सगळं अंग पेशींचं. पेशी म्हणजे पाण्याने भरलेली इवलीशी पिशवी, आणि भोवतीही पाणीच. मग आतलं पाणी आत आणि बाहेरचं बाहेर कशाने राहतं? एका पापुद्र्याने. पुस्तकात त्याला पेशीपटल म्हणतात. साबणाच्या फुग्याचा पापुद्रा डोळ्यांपुढे आणा, त्याहूनही कितीतरी पातळ. तो बनलाय स्निग्धाच्या कणांचा. प्रत्येक कणाला एक डोकं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाण्याची आवड, शेपट्यांना पाण्याचा तिटकारा. म्हणून ते कण दोन पदर करून उभे राहतात: एका पदराची डोकी बाहेरच्या पाण्याकडे, दुसऱ्याची आतल्या, आणि शेपट्या मध्ये एकमेकींना बिलगून, कोरड्या. कोणी शिवत नाही, टाका नाही. पाण्यात सोडले की आपणहून असे जुळतात, आणि बारीक भोक पडलं तर आपणहून मिटतात. मी हे दरवर्षी शिकणाऱ्यांना सांगते आणि दरवर्षी मला तुमचा देव आठवतो.

मधला भाग असा तेलकट, म्हणून मीठ-साखर त्यातून जात नाही. हवा जाते. पाणी थोडंफार झिरपतं. बाकी ज्याला आत-बाहेर करायचंय त्याला दारातून जावं लागतं. ही दारं प्रथिनांची. ती पापुद्र्यात रुतलेली असतात, पण खिळलेली नसतात. दुधावरच्या सायीत काडी पडली तर जशी तरंगत सरकते तशी सरकतात. काही दारं नुसती उघडतात. काही माल ओढून बाहेर फेकतात, त्याला ताकद खर्च होते. काही दारं नाहीतच, नुसत्या खुणा, हा आपला की परका हे ओळखायला. आणि काही कान आहेत. रक्तातून आलेला निरोप बाहेरच्या बाहेर ऐकतात आणि आत फक्त मतलब पोचवतात. निरोप्या उंबऱ्याच्या आत येत नाही.

मुंगीच्या पेशींचं एकच दार बिघडलंय. मिठाचं. छातीतल्या नळ्यांच्या अस्तरात या दारातून मीठ बाहेर पडतं आणि त्याच्या मागोमाग पाणी. काकडीला मीठ लावून ठेवली की पाणी सुटतं ना? मीठ जिकडे, पाणी तिकडे. तिचं दार उघडत नाही, म्हणून मीठ बाहेर येत नाही, पाणी येत नाही, आणि कफ सुकून डिंक होतो. पोटातल्या पाचक रसाचंही तसंच, म्हणून भुकटी. दार उघडायचं औषध अजून कोणाकडे नाही. नळ्या मोकळ्या ठेवायच्या, एवढंच आपल्या हातात, म्हणजे तुमच्या.

हे बिघडलेलं दार एकाकडूनच आलं तर काही होत नाही. आई आणि बाप दोघांकडून एकेक आलं तरच. म्हणजे अर्धं तुमच्या घराकडून, अर्धं आमच्या. भांडायची सोय देवाने ठेवली नाही. थोरल्याचंही हेच होतं, असं डॉक्टर आता म्हणतात.

खारट कपाळाचं म्हणाल, तर डॉक्टरांनी त्या घामावरूनच दुखणं ओळखलं. त्यामागचं कारण वेगळं लिहीन, आता घंटा झाली, मुलं दारात उभी आहेत. उन्हाळ्यात काय सांभाळायचं त्याचा कागद डॉक्टर पुढच्या भेटीत देणार आहेत.

तिला माझी पापी.

आपली,
सून


२० मार्च

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा स्वतःशी, एकदा ह्यांना मोठ्याने, आणि एकदा देवापुढे, कारण त्याचीच करणी आहे तर त्यालाही ऐकू दे की कुठलं दार बसवताना त्याचा हात चुकला. हे मध्येच म्हणाले, "म्हणजे आपल्या घरासारखंच. दारात तू उभी. कोणाला आत घ्यायचं, कोणाला उंबऱ्यावरून वाटेला लावायचं, सगळं तुझ्या मर्जीवर." मी म्हटलं, "तुम्हाला आत घेतलं ही एकच चूक झाली."

कपाळ का खारट ते मला उमगलं, तेव्हा त्याच्यासाठी वेगळी शाई खर्च करू नकोस. तुझे तास सांभाळ. इतकं नीट समजावलंस की पुढचं माझं मला जमलं.

काकडीचा प्रयोग केला. थोरल्याचं मात्र मनातून जात नाही. अर्धं आमच्या घराकडून, हे वाचून मी बराच वेळ हातातलं काम टाकून बसले होते. माझ्या आईची दोन मुलं अशीच लहानपणी गेली. आम्ही कधी विचारलंच नाही का गेली. गेली म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं.

देवाशी एक बोलले आहे. मुंगीसाठी मीठ सोडलंय. या वयात दुसरं काय सोडणार. दागिने नाहीत, जिभेवर एक मीठच उरलं होतं. स्वयंपाक दोनदा कोण करणार, सरपण काय फुकट मिळतं? म्हणून घरात एकच भांडं, सगळ्यांना तेच. ह्यांची कुरकुर चालू आहे. "नवस तुझा आणि उपास माझा? तुझ्या देवाला मीठ नको असेल, मला हवंय." मुंगी बिचारी एक अक्षर बोलत नाही, पुढ्यात येईल ते चिवडत बसते.

ऊन चढायला लागलं आहे. दुपारी खिडक्यांना ओला पडदा लावते. खोकला कालपरवा थोडा कमी वाटला. माझा विश्वास बसायला लागला आहे.

तुझी,
आई


२ एप्रिल

ती. सौ. आईंना शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र बसमध्ये उभ्याने वाचलं आणि बाबांचं वाक्य वाचून एकटीच हसले. शेजारच्या बाईने सरकून जागा दिली, वेडी समजून. खूप दिवसांनी हसले म्हणून सांगते. बाबांना म्हणावं, सोसा थोडं. आईंच्या रक्तदाबाला मीठ कमी झालेलं बरंच.

ह्यांची रात्रपाळी चालूच आहे. छापखान्यातून पहाटे येतात, मी निघायच्या तयारीत असते; आमचं बोलणं चुलीवरच्या चहापुरतं. मुंगीचं नाव निघालं की ते उठून नळाखाली हात धुतात. शाई आधीच निघालेली असते. टेकडीच्या बाजूला एक खोली पाहिली आहे, वारा चांगला. जूनमध्ये मिळाली तर तिला घेऊन येऊ.

या आठवड्यात मुलांना कांद्याच्या पापुद्र्याचा प्रयोग दाखवला. काचपट्टीवर कांद्याची पातळ साल ठेवायची, वर मिठाच्या पाण्याचा थेंब. बघता बघता पेशीतलं पाणी मिठाकडे निघून जातं, पटल भिंतीपासून सुटतं आणि आत आत आक्रसत जातं, थंडीत कोणी पाय पोटाशी घेऊन निजावं तसं. एका मुलीने विचारलं, "मेली का ती?" मी म्हटलं, साधं पाणी घाल. घातलं. पुन्हा फुगली, भिंतीला जाऊन टेकली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तीच मुलगी म्हणाली, "आणि पाणी घालायला उशीर झाला तर?" तर नाही फुगत, म्हटलं.

डॉक्टरांनी उन्हाळ्याचा कागद दिला. तो आणि त्याबरोबरचं सामान आजच वेगळ्या पार्सलाने पाठवते आहे, पत्रापेक्षा दोन-चार दिवस मागून येईल. कागदात लिहिलंय तसंच करा, त्यात तुमची अक्कल आणि माझी अक्कल, दोन्ही बाजूला. मुंगीसाठी एक टोपीही पार्सलात घातली आहे.

आपली,
सून


१० एप्रिल

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, पार्सल अजून नाही. पोस्टात हे दोनदा जाऊन आले.

मुंगीचं तुला खरं ते लिहिते. चारेक दिवसांपासून ती मलूल आहे. ताप नाही. अंगणात सोडली तर भिंतीच्या सावलीला बसते आणि तिथेच आडवी होते. दूध पाजलं की उलटून टाकते. काल म्हणाली, "आजी, पाय झोपलेत." ऊन फार आहे, अंगातून घामाच्या धारा लागतात, म्हणून तासातासाला भांडंभर साधं पाणी पाजते. ती पिते, पण डोळ्यांत तरतरी येत नाही.

परवा मात्र तिने मला धक्काच दिला. स्वयंपाकघरात पाट ओढून, त्याच्यावर चढून, मिठाच्या बरणीत हात घालून चाटत होती. एकदा नाही, मूठमूठ. मी हात धरला तर ओरडली, कधी ओरडत नाही ती. हे म्हणतात, "बघ, जगावेगळी मुंगी. साखर सोडून मिठावर." मी दोघांनाही रागावले आणि बरणी वरच्या फळीवर ठेवली.

तूच सांग, मी काय चुकले? तुझं पत्र मी वहीच्या रीतीने मांडून पाहिलं. मीठ रोज तोंडावाटे आत जातं, ही आवक. बाहेर जायचं दार बंद, म्हणजे जावक नाही. मग शिल्लक वाढत वाढत जाणार, आणि कुठेच मावेना की कपाळावर उतू येणार. म्हणून तर खारट. जावक आपल्या हातात नाही, तर आवक बंद करावी, एवढं कोणालाही कळेल. म्हणून मीठ सोडलं ते दोघींनी सोडलं. पुण्य माझं आणि औषध तिचं, एका भांड्यात दोन्ही. तुला मुद्दाम फोड करून लिहिलं नाही, म्हटलं जूनमध्ये येशील तेव्हा पोरीचं कपाळ गोड लागलं की तूच विचारशील.

पण सूनबाई, महिना होत आला आणि खारटपणा तसूभर कमी नाही. उलट काल केसांच्या कडेला पांढरी भुकटी दिसली. आत किती साठलंय ते देव जाणे. तुझ्या डॉक्टरांना विचार, असं किती दिवस चालवायचं?

तुझी,
आई


तार. १३ एप्रिल. सकाळ.

मुंगीला मीठ द्या. मीठसाखरेचं पाणी घोट घोट पाजा. थांबू नका. निघाले. सून.


तार. १३ एप्रिल. सकाळ.

मुंगी बेशुद्ध. दवाखान्यात नेली. ताबडतोब निघा. बाबा.


२९ एप्रिल

ती. सौ. आईंना नमस्कार.

आम्ही तिला इथे आणून दहा दिवस झाले. तुमची तीन पत्रं मिळाली. उत्तर लिहायला बसायचे आणि उठून तिची पाठ थोपटायला लागायचे. आज ती झोपली आहे, शेजारी बसून लिहिते.

राहिलेलं कारण आज लिहिते. ते त्या दिवशीच लिहायला हवं होतं. घंटा झाली म्हणून मी अर्ध्यावर सोडलं आणि तुम्ही "उमगलं" म्हणालात म्हणून पुन्हा हात लावला नाही.

घाम कातडीखालच्या एका बारीक नळीच्या तळाशी तयार होतो. तयार होतो तेव्हा तो सगळ्यांचाच खारट असतो, मुंगीचा, तुमचा, माझा. वर येताना नळीच्या भिंतीतल्या पेशी त्यातलं मीठ वाटेतच काढून घेतात आणि अंगाला परत देतात. कातडीवर येतं ते बहुतेक पाणी. काढून घ्यायचं ते याच दारातून. छातीत ते मीठ बाहेर सोडतं, घामाच्या नळीत तेच दार मीठ आत घेतं. दार एकच, आई, पण ते ज्या घराला बसवलंय त्याप्रमाणे त्याची दिशा फिरते. मुंगीचं बंद आहे. म्हणून तिचं मीठ घामाबरोबर वाहून जातं, रोज, आणि उन्हात तर ओंजळीने. कपाळावर होतं ते उतू गेलेलं नव्हतं. ते तिच्या अंगातून गळत होतं.

आणि तुम्ही वरून साधं पाणी पाजत राहिलात. रक्तात मीठच उरलं नव्हतं. पाणी जिकडे मीठ जास्त तिकडे जातं, म्हणून ते पेशींच्या आत शिरलं, मेंदूच्यासुद्धा. म्हणून तिचे पाय झोपले.

ती बरणीत हात घालत होती तेव्हा तिच्या अंगाला ठाऊक होतं काय हवंय. तुमच्या पत्रातलं ते वाक्य वाचतानाच मी तारेच्या खिडकीकडे पळाले. पण त्याआधीच्या पत्रातलं एक वाक्य मी बसमध्ये वाचलं होतं. "घरात एकच भांडं, सगळ्यांना तेच." मी ते वाचलं आणि हसले. दुसऱ्या कोणाला मी हे सांगितलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, महिनाभर अळणी आणि असं ऊन, म्हणजे ती याआधीच जायला हवी होती. कुठून तरी थोडं पोटात जात असणार. मुंगीला विचारलं. ती म्हणाली, "आजोबा तळहातावर चिमूट ठेवतात. आजीला सांगायचं नाही, नाहीतर देव रागावतो." बाबांना माझा नमस्कार सांगा.

आता पुढचं. शुद्ध आली, बोलते, दूध पचतं. पण त्या दिवसांत कफ नळ्यांत घट्ट बसला आणि उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात संसर्ग झाला. तो भाग आता मोकळा होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुढे किती, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

टेकडीकडची खोली घेतली. जूनची वाट न बघता. मुंगी आता इथेच राहील. ह्यांना तुमच्याविषयी बोलायचं नाही, आणि मीही त्यांना बोला म्हणत नाही. तुम्ही भेटायला निघणार असं पत्रात आहे. सध्या येऊ नका. तुम्ही प्रेमाने केलंत हे मला माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच दार उघडायला भीती वाटते.

सून


६ मे

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि २ एप्रिलचं पार्सल, दोन्ही आज एकाच हाताने आलं. पार्सल कुठल्या तरी भलत्याच गावी जाऊन आलं आहे. वर चार शिक्के आहेत. आत निघालं ते असं: मोजून बांधलेल्या मिठाच्या पुड्यांचा डबा एक. डॉक्टरांचा कागद एक. उन्हाची टोपी एक, पिवळी. खर्च काही नाही.

कागदावर पहिल्याच ओळीत ठळक लिहिलंय, "उन्हाळ्यात मीठ जास्त द्यावे." मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग ह्यांना वाचायला दिलं. त्यांनी वाचून घडी घातली आणि बाहेर जाऊन बसले. एरवी टोचून बोलायची एक संधी सोडत नाहीत. मुंगीला दवाखान्यात नेलं त्या दिवसापासून मला एक वावगा शब्द बोललेले नाहीत. बोलतील तर बरं, असं वाटतं. चिमटीचं मला माहीत नव्हतं. मी ज्याला पाप म्हटलं असतं त्याच्यावर पोरगी महिना जगली.

तू बसमध्ये हसलीस, ते मनाला लावून घेऊ नकोस. मी हसण्यासारखंच लिहिलं होतं. तू अर्धं सांगितलंस आणि मी उरलेलं अर्धं माझ्या वहीतून काढलं. चूक माझ्याच अर्ध्यात आहे. घरातलं जमाखर्च मला येतं, म्हणून देहाचंही येईल असं धरून चालले. तसं नसतं हे आता कळलं. जे आत साठलंय म्हणून मी घाबरले, ते कधी साठलंच नव्हतं.

देवाला सांगितलं, नवस मोडला, ज्याच्या नावावर मांडायचं त्याच्या मांड, पण पोरीच्या नको. मीठ परत सुरू केलं आहे. पहिला घास तोंडात घेतला आणि तो तसाच धरून बसले. ह्यांनी पाणी पुढे केलं.

येऊ नका म्हणालीस, येत नाही. ज्याच्या घराचं दार त्याने ठरवावं, कोण आत यावं. एके काळी तुला मी या दारात बराच वेळ उभं ठेवलं होतं, तुला आठवत असेल. तुझ्या नवऱ्याला माझा निरोप देऊ नकोस. फक्त त्याला जेवायला वाढताना एकदा माझी आठवण काढ, मोठ्याने नको, मनातल्या मनात पुरे.

डबा तुझ्याकडे परत पाठवते आहे. पुड्या सगळ्या आहेत, एकही फोडलेली नाही. टोपी उन्हात वाळवून, घडी घालून वर ठेवली आहे. पाठ थोपटायला सकाळी हाताची वाटी आपोआप होते, मग ती तशीच उशीवर थोपटते आणि जप पुरा करते. मिठाची बरणी वरच्या फळीवरून काढून खालच्या फळीवर ठेवली आहे, कडेला, लहान हात पोचेल अशी.

तुला एकच काम सांगते, पुढे काही मागणार नाही. हे पत्र वाचून झालं की मुंगी जागी असो की झोपलेली, तिच्या कपाळाची एक पापी घे. तुझी नव्हे, माझी म्हणून घे. आणि ती खारट लागली का, एवढी एकच ओळ उलट टपाली कळव.

तुझी,
आई